साठीनंतर सांगितलेली ओळख ‘अचानक’ नसते

साठी ओलांडलेल्या वडिलांनी किंवा आत्याने ‘मी समलिंगी आहे’ किंवा ‘मला स्त्री-पुरुष दोघांबद्दलही आकर्षण वाटतं’ असं सांगितलं, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘या वयात हे काय अचानक?’

१९५५ साली जन्मलेली व्यक्ती घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली १९९० मध्ये. तेव्हा ती पस्तिशीत होती. प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध आपल्याकडे गुन्हा राहिले नाहीत ते सप्टेंबर २०१८ पासून. तेव्हा तिने साठी ओलांडलेली. तोवर गप्प राहण्यातच सुरक्षितता होती. काहींना आपली ओळख तरुणपणीच कळते, काहींना संसार झाल्यावर उमगते. दोन्ही स्वाभाविक आहे.

यावर औषध नाही, कारण हा आजार नाही. ‘बदलून देण्याचे’ उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. मात्र वर्षानुवर्षे लपवण्याचा ताण खरा असतो. झोप उडाली, उदासी टिकून राहिली किंवा जगणं नकोसं वाटलं, तर डॉक्टरांकडे लगेच या. वैवाहिक जोडीदारालाही धक्का बसतो. त्यांच्यासाठीही समुपदेशन घ्या.

तुम्ही स्वतः अशा नात्यात असाल, तर एक गोष्ट आजच करा. २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता मिळाली नाही. म्हणून आजारपणात कोणाला बोलवायचं, ते डॉक्टरांना लेखी देऊन ठेवा.