पावसाचे दफ्तर लोणारच्या गाळात

१/ अजिंठ्याच्या डोंगररांगेत, बुलढाणा जिल्ह्यातील देऊळघाटच्या परिसरात पैनगंगा उगम पावते. या मुलखाचा इतिहास ताम्रपट, बखरी आणि गॅझेटियर यांतून लिहिला गेला. इथल्या पावसाचे त्याहून कितीतरी जुने दफ्तर मात्र याच जिल्ह्यात, लोणार सरोवराच्या तळाशी आहे.

२/ उल्कापाताने बनलेल्या या सरोवरातून पाणी बाहेर वाहत नाही. पाऊस घटला की पाणी आटते, क्षार वाढतात आणि गाळात गेल्युसाइट या खनिजाचे स्फटिक तयार होतात. अशा थरांवरून २०१४ साली संशोधकांनी दोन दीर्घ अवर्षणकाळ मांडले: सुमारे ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीचे.

३/ त्यांचा संबंध त्यांनी हिंदी व प्रशांत महासागरांतील उबदार जलराशीशी जोडला. या दोन महासागरांवरील हवेच्या दाबाचा झोका गिल्बर्ट वॉकर यांनी १९२० च्या दशकात ओळखला होता. जेकब ब्येर्कनेस यांनी १९६९ मध्ये त्याचे एल निनोशी असलेले नाते उलगडले.

४/ येथे एक मोह होतो: पाऊस गेला, म्हणून राज्य बुडाले. पण पाचव्या शतकात वत्सगुल्मच्या, म्हणजे आजच्या वाशिमच्या, वाकाटक हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची भव्य लेणी कोरली गेली, तीही याच दुसऱ्या अवर्षणकाळात. अर्थात गाळ दीर्घ काळाचा कल सांगतो, एकेका सालाचा पाऊस नाही.

५/ एकेका सालाचेही गणित सरळ नसते. १९९७ साली एल निनो अतिशय प्रबळ होता, तरी भारतात मान्सून सरासरीइतका झाला. १८९९ साली मात्र पाऊस गेला आणि ब्रिटिश अमलाखालील वऱ्हाड होरपळले. कापूस पिकवणाऱ्या या प्रांतात रेल्वे होती, धान्य आणता येत होते. पण काम बुडालेल्या मजुराला महागलेले धान्य परवडत नव्हते.

६/ म्हणून हवामानाचा पुरावा इतिहासाने जरूर वाचावा, परंतु त्याला निवाडा मानू नये. तसे मानले, तर सारा दोष समुद्रावर टाकून सत्ताधीश मोकळे होतात. अवर्षण का आले, हे गाळ सांगू शकेल. त्यात कोण उपाशी राहिले आणि का, हे महसुलाच्या नोंदींत व बाजारभावांतच शोधावे लागेल.