गणित "सुटलं" म्हणणाऱ्यांसाठी

मागच्या शनिवारी सकाळी साडेनऊला बेल वाजली. महिन्यातले दोन वीकेंड मी पुण्याहून घरी येतो, त्यातला हा एक. अजून ब्रशच करत होतो. दारात मावशी, आणि तिच्या मागे लपल्यासारखी चिऊ.

चिऊ म्हणजे माझी मावसबहीण. (खरं नाव लिहिलं तर मार खाईन.) वय १९, बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी, इथेच संभाजीनगरात. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण तिच्या एकटीच्या कॉलेजची ही गोष्ट नाही. पहिल्या वर्षाच्या गणिताच्या पेपरात तिला ए.टी.के.टी. लागली. बाकी सगळ्या विषयांत चांगले मार्क, मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला तर वर्गात पहिली. आणि बाईसाहेबांनी ठरवलंय की कॉलेज सोडायचं. "माझं डोकंच नाही दादा," इतकंच म्हणाली आणि मोबाइलमध्ये बघत बसली.

मावशी चहा घेता घेता सहज बोलून गेली, "दहावीनंतर तूच म्हणला होतास ना, बायोला गणित लागत नाही म्हणून? आम्ही तुझंच ऐकलं की रे."

झालं. पोहे घशात अडकले.

खरंच मी म्हणालो होतो. तीन वर्षांपूर्वीचा जून महिना, सगळे नातेवाईक जमलेले, आणि मी घरातला इंजिनिअर. म्हणजे आपोआप शिक्षणमंत्री! चिऊने विचारलं, "दादा, पीसीबीसोबत मॅथ्स पण घेऊ का?" आपल्या बोर्डात ते घेता येतं, चारही विषय घेणारी मुलं असतात. मी अगदी ऐटीत सांगितलं, "कशाला उगाच ओझं? नीटला मॅथ्सचा पेपर नाही, सीईटीला पीसीबीचा गट वेगळा. सोड. सुटशील एकदाची."

हा "सुटशील" शब्द बघा. आपल्याकडे गणित सुटतं ते दोनच प्रकारे. एक तर उत्तर येतं म्हणून, नाहीतर जन्माची ब्याद टळली म्हणून. आणि दुसऱ्या प्रकारच्या सुटण्याचे पेढे वाटतात लोक.

तर मंडळी, आजचं भांडण या सुटण्याशी आहे. आणि आधीच सांगतो, आरोपींच्या यादीत पहिलं नाव माझं.

चिऊची प्रश्नपत्रिका मागितली. पहिलं पान वाचलं आणि एकदम इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष आठवलं. आमच्या एम-वन, एम-टूचं उरलंसुरलं उचलून, थोडं पाणी घालून, वर "बायो" असं लेबल चिकटवलेलं. मॅट्रिक्सचा व्यस्त काढा. लिमिट काढा. डेरिव्हेटिव्ह काढा. आणि एक प्रश्न असा: एक भागिले, एक वजा चार एक्स वर्ग, याचं इंटिग्रेशन करा. अख्ख्या पेपरात एक पेशी नाही, एक जिवाणू नाही, एक पान नाही, रक्ताचा एक थेंब नाही. शेवटी संख्याशास्त्रात मीन-मीडियन काढायला आकडे दिलेत, तेही कुठल्याशा कारखान्यातल्या कामगारांच्या पगाराचे!

मी विचारलं, "हा इंटिग्रेशनचा प्रश्न का सोडलास?"

"पार्शल फ्रॅक्शन्स. अकरावी-बारावीवाल्यांना येतं. सर म्हणाले, तुम्ही पीसीबीवाले पाठ करून या."

पाठ करून या. दोन वर्षं ज्या मुलांना आपण गणिताच्या वर्गाबाहेर काढलं, त्यांना तिसऱ्या वर्षी परत आत बोलवायचं, मधला जिना दाखवायचा नाही, आणि वर म्हणायचं पाठ करा. मग ती पाठ करतात. पाठ केलेलं पेपरात विसरतात. आणि निष्कर्ष काय काढतात? तर "माझं डोकंच नाही".

मी म्हटलं, गणित ठेव बाजूला, तुझी प्रॅक्टिकलची वही दाखव. वही सुंदर होती. एका पानावर दह्यातले जिवाणू मोजण्याचा प्रयोग. नमुना दहापट पातळ करायचा, तो परत दहापट, असं सहा वेळा. शेवटच्या नळीतला ०.१ मिली प्लेटवर पसरायचा आणि दुसऱ्या दिवशी ठिपके मोजायचे. चिऊला मिळाले ४७. खाली स्वच्छ अक्षरात लिहिलेलं: ४७ गुणिले १०, गुणिले दहाचा सहावा घात, म्हणजे एका मिलीत ४७ कोटी.

"हे कोणी शिकवलं?"

"हे काय शिकवायचंय? दिसतंच की."

बघा. दहाचे घात हिला "दिसतात". पीएच म्हणजे लॉग, हे तिला माहितीये, कारण पीएच एकने उतरला की आम्लता दहापट होते हे तिने स्वतः मीटरवर पाहिलंय. वीस मिनिटांत दुप्पट होणारा एक जिवाणू बारा तासांत ३६ वेळा दुप्पट होतो, म्हणजे एकाचे ६,८०० कोटींहून जास्त होतात, हे तिने मला तोंडी अंदाजाने सांगितलं. आणि पुढे स्वतःच म्हणाली, "पण तेवढे होत नाहीत ना दादा, अन्न संपतं. मग कर्व्ह वाकतो." अगं बाई, हा वाकणारा कर्व्ह म्हणजे लॉजिस्टिक समीकरण! ते सोडवायला तीच पार्शल फ्रॅक्शन्स लागतात, जी तू "डोकंच नाही" म्हणून सोडून आलीस.

आता खरी गंमत ऐका. दुपारी चिऊने सहज विचारलं, "दादा, कोसंबी म्हणजे जपानी माणूस का रे?" दिवाळीच्या सुट्टीत ती जालन्याच्या एका बियाणे कंपनीत पंधरा दिवस शिकायला गेली होती. (१९६४ साली जालन्यात महिको सुरू झाली, तेव्हापासून तो सगळा पट्टाच बियाण्यांचा. आपल्याकडच्या बायो आणि अ‍ॅग्रीवाल्या पोरांना तिथेच नोकरीची आशा.) तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये जनुकांचा नकाशा काढताना एक चौकोन यायचा: हाल्डेन की कोसंबी? तिने विचारलं तेव्हा शेजारचा म्हणाला, "कोसंबी दाब, सगळे तेच दाबतात."

जपानी?? दामोदर धर्मानंद कोसंबी! १९०७ साली गोव्यातल्या कोसबेन गावी जन्म, हार्वर्डचं शिक्षण, आणि मग बरीच वर्षं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलं. आपण त्यांना ओळखतो ते इतिहासकार म्हणून. पण १९४४ साली या माणसाने 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स' या नियतकालिकात एक छोटासा लेख लिहिला, जेमतेम चार पानांचा. प्रश्न असा होता: एकाच गुणसूत्रावरची दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत? पुढच्या पिढीत ती किती वेळा वेगळी होतात ते मोजून अंतर काढता येतं, पण सरळ नाही. मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर पहिली झाकली जाते, आणि दिसतं असं की काही घडलंच नाही. शिवाय एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी लगेच दुसरी होण्याची शक्यता कमी होते. हाल्डेनच्या १९१९ च्या सूत्रात ही दुसरी गोष्ट धरलेली नव्हती. कोसंबींनी ती धरली.

आणि मी त्यांचं सूत्र उघडून बघितलं तेव्हा अक्षरशः खुर्चीतून उठलो. ते सूत्र येतं कुठून माहितीये? एक भागिले, एक वजा चार एक्स वर्ग, याच्या इंटिग्रेशनमधून. तोच प्रश्न! चिऊच्या पेपरातला! एक्सच्या जागी जनुकं वेगळी होण्याचं प्रमाण घाला, येणारं उत्तर म्हणजे कोसंबींचं अंतर. अक्षराचाही फरक नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून ते केलं. २० टक्के वेळा वेगळी होणारी जनुकं घेतली. हाल्डेन म्हणतात अंतर २५.५ सेंटिमॉर्गन, कोसंबी म्हणतात २१.२. चिऊ बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे तो चौकोन दाबण्याआधी विचार करायचा असतो."

आता सांगा, डोकं कोणाचं नाही? त्या मुलीचं, की आपल्या व्यवस्थेचं? एकाच वर्षी, एकाच इमारतीत, जेनेटिक्सच्या तासाला कोसंबींचं नाव फळ्यावर लिहिलं जातं, गणिताच्या तासाला त्यांचंच इंटिग्रेशन फळ्यावर लिहिलं जातं, आणि दोन फळ्यांच्या मधली भिंत कोणी पाडत नाही. गणिताच्या सरांना जनुक माहीत नाही, जेनेटिक्सच्या मॅडमना इंटिग्रेशन नको असतं. मध्ये चिऊ. बरं, या दोघांनाही दोष देऊन भागत नाही. त्यांनाही आपणच अकरावीत वेगवेगळ्या दारांतून आत सोडलं होतं.

यावर ठरलेले आक्षेप येणार. त्यांची उत्तरं आत्ताच देऊन टाकतो.

"अरे, डॉक्टरला कशाला लागतंय गणित?" बरं. एक आजार शंभरात एकाला होतो. चाचणी अशी की आजारी शंभरातल्या ९० जणांना पकडते, पण निरोगी शंभरातल्या १० जणांनाही चुकून पॉझिटिव्ह दाखवते. तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तुम्ही आजारी असण्याची शक्यता किती? मी आमच्या टीममध्ये विचारलं, चार जण म्हणाले ९० टक्के. (चौघेही इंजिनिअर. आम्हीही काही दिवे लावत नाही.) हजार माणसं घ्या. आजारी १०, त्यातले ९ पॉझिटिव्ह. निरोगी ९९०, त्यातले ९९ पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह १०८, त्यात खरे आजारी ९. म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास! रिपोर्ट हातात घेऊन समोर बसलेल्या माणसाला हे समजावणारा डॉक्टर तुम्हाला हवा की नको? २०२० साली आपण सगळे टीव्हीसमोर बसून "डबलिंग टाइम" शिकलो, ते एवढ्यात विसरलात?

"आजकाल सॉफ्टवेअर सगळं करतं." हे तर मला सांगूच नका, मी तेच बनवून पोट भरतो. सॉफ्टवेअर चुकीच्या प्रश्नाचंही उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत बिनचूक देतं. ते विचारतं, हाल्डेन की कोसंबी? आणि तुम्ही म्हणता, सगळे दाबतात ते दाब.

"मग काय, पीसीबीवाल्यांना गणित सक्तीचं करा?" नाही, आणि इथे मी माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडणार आहे. आत्ताचंच गणित, आत्ताच्याच पद्धतीने सक्तीचं केलं तर होईल एवढंच, की चिऊला १९ ऐवजी १६ व्या वर्षी वाटायला लागेल की डोकं नाही. प्रश्न किती गणित याचा नाही. कुठून सुरू करायचं, याचा आहे.

आणि हे जमत नाही असं नाही. पुण्याची आयसर २००६ साली सुरू झाली ती पहिली दोन वर्षं सगळ्यांना जीवशास्त्र, रसायन, भौतिकी आणि गणित असं चारही शिकवायचं ठरवूनच. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जीवशास्त्राच्या मुलांसाठी वेगळा गणिताचा कोर्स आहे. तो लिमिटच्या व्याख्येपासून नाही, तर एकमेकांवर जगणाऱ्या प्राण्यांची संख्या कशी वरखाली होते तिथून सुरू होतो. तो कोर्स केलेल्या मुलांनी पुढे भौतिकी, रसायनातही नेहमीचं कॅल्क्युलस केलेल्यांपेक्षा चांगले मार्क मिळवले, हे २०२१ साली प्रसिद्धही झालंय. आपल्याला लॉस एंजेलिस नको. चिऊच्या वहीतलं दही पुरे. पहिल्या तासाला ते ४७ ठिपके फळ्यावर घ्या, लॉग तिथून काढा. पेपरात कामगारांच्या पगाराऐवजी त्यांनी स्वतः मोजलेले आकडे द्या. आणि सेमिस्टरमध्ये निदान चार तास गणिताचे सर आणि जेनेटिक्सच्या मॅडम एका वर्गात एकत्र उभे राहू द्या. याला ना नवी इमारत लागते, ना अनुदान.

ते होईल तेव्हा होईल. आपल्या हातात काय आहे ते सांगतो. हा ब्लॉग वाचणारे बहुतेक जण आपापल्या खानदानातले "दादा" किंवा "ताई" आहेत. दर जूनमध्ये तुम्हाला फोन येतो, "अरे, हिला काय घ्यायला सांगू?" तुमचं अर्ध्या मिनिटाचं उत्तर तिकडे तीन वर्षं चालतं. तेव्हा कृपा करून "सोड, सुटशील" म्हणू नका. "विषय सोडलास तरी चालेल, पण तो परत भेटणार आहे, आणि तेव्हा मी आहे," एवढं तरी म्हणा. मी पहिलं वाक्य म्हणालो होतो. दुसरं म्हणायला तीन वर्षं लावली.

रविवारी संध्याकाळी पुण्याची बस पकडण्याआधी चिऊला म्हटलं, "माझं चुकलं गं." ती म्हणाली, "ते जाऊ दे. पुढच्या वेळी येशील तेव्हा तो लॉजिस्टिकवाला कर्व्ह घेऊ. दह्याचे आकडे मी काढून ठेवते."

कॉलेज सोडायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. ए.टी.के.टी.चा पेपर डोक्यावर आहे, आणि त्यात पुन्हा कामगारांचे पगारच येणार. :(

असो. यंदाच्या जूनमध्ये फोन आला, की आधी हे आठवा.