वेल्डिंगची काच कोणती घ्यावी?



पेरणीच्या तोंडावर वखराची पास तुटते, की आपण वेल्डिंगच्या दुकानी धावतो. तिथला पोरगा डोळे मिटून टाका मारतो आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यागत तळमळतो. उन्हाच्या गॉगलने हे थांबत नाही.

वर्षाकाठी दोन-चार सांधे जोडणाऱ्याला १० किंवा ११ नंबरच्या काचेचे साधे हेल्मेट पुरे, असे आमचे मत. दिवसभर टाके मारणाऱ्याला मात्र आपोआप काळे होणारेच हवे. साध्या काचेतून ठिणगी पडेपर्यंत काही दिसत नाही, म्हणून तो ती वर सारूनच सुरुवात करतो. आपोआपचे हेल्मेट महाग, हे खरे. पण त्याच्या मजुरीतले दहा रुपये आपणच घासाघीस करून कापतो. मग त्याने ते आणावे कोठून?