गुण तोच दोष : डी. डी. टी.ची पूर्वकथा

हिवतापाच्या फवारणीनंतर भिंतींवर उरणारे पांढुरके डाग घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस आठवत असतील. त्या डी. डी. टी.ची पूर्वकथा बोधप्रद असल्यामुळें ती आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

इ. स. १८७४ मध्यें स्ट्रासबर्ग येथें बायर या थोर रसायनवेत्त्याच्या हाताखालीं ओथमार झाइडलर हा तरुण अध्ययन करीत होता. क्लोरल व क्लोरोबेंझीन यांच्या संयोगापासून त्यानें हें द्रव्य प्रथम सिद्ध केलें आणि त्याची कृति नमूद करून ठेवली. कीटकांवर त्याचा काय परिणाम होतो, हें मात्र त्यानें पाहिलें नाहीं. पुढें पासष्ट वर्षें तें ग्रंथांतच पडून राहिलें. द्रव्य मिळतें, पण योजक विरळा, असें आपले पूर्वज म्हणत, तें कांहीं उगीच नव्हे.

हा योजक स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरीं निघाला. गायगी कंपनीतील पॉल म्यूलर हा रसायनज्ञ चार वर्षें एकामागून एक द्रव्यें माशांवर पारखीत होता. कीटकानें खाल्लें नाहीं तरी केवळ स्पर्शानें मारील आणि दीर्घकाळ टिकेल, असें विष त्यास हवें होतें. १९३९ च्या सप्टेंबरांत तें सांपडलें. प्रयोगाचा पिंजरा धुऊन पुसल्यावरही त्यांत सोडलेल्या नव्या माशा मरून पडत!

त्याच महिन्यांत महायुद्ध पेटलें. १९४३ च्या अखेरीस इटलींतील नेपल्स शहरांत उवांमुळें पसरणारा टायफस ज्वर बळावला. दोस्त राष्ट्रांच्या वैद्यकपथकांनीं लक्षावधि नागरिकांच्या कपड्यांत कीटकनाशक भुकटी फुंकली. प्रारंभीं दुसरी, नंतर मुख्यतः हीच. ऐन हिवाळ्यांतील ती सांथ आटोक्यांत आली. म्यूलर वैद्य नव्हता. तरीही १९४८ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक त्यास मिळालें.

आपल्या देशांत १९५३ सालीं राष्ट्रीय हिवताप नियंत्रण योजना सुरू झाली. त्यापूर्वीं वर्षास सुमारें साडेसात कोटि लोक हिवतापानें पडत, असा अंदाज होता. १९६१ मध्यें ही संख्या पन्नास हजारांच्या आसपास आली. परंतु १९७६ मध्यें ती पुनः चौसष्ट लक्षांवर गेली. डास या विषास सरावले होते, हें त्याचें एक कारण. स्वीडन व इटली येथील घरमाशांनीं याची सूचना १९४६-४७ मध्येंच दिली होती.

शिवाय, पिंजऱ्याच्या भिंतीवर जो टिकाऊपणा गुण ठरला, तोच शेतांत दोष ठरला. विष माती-पाण्यांतून प्राण्यांच्या चरबींत सांचलें आणि शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांचीं कवचें पातळ झालीं. रेचेल कार्सन या विदुषीनें १९६२ मध्यें या संकटाकडे जगाचें लक्ष वेधलें. १९७२ मध्यें अमेरिकेनें शेतींतील त्याचा वापर थांबविला. २००१ च्या स्टॉकहोम करारानें केवळ रोगवाहक कीटकांपुरती मुभा ठेवली.

तेव्हां डासांचा सारा भार एका भुकटीवर टाकून गृहस्थानें स्वस्थ बसूं नये. गच्चीवरील टाकीस झांकण आहे ना, कुंडीखालच्या ताटलींत पाणी सांचलें नाहीं ना, हें आठवड्यांतून एकदां घरांतील मुलांकडूनच पाहवून घ्यावें. या उपायास सरावणें डासांना जमणार नाहीं.