सायबर जोखमीचे मोजमाप : सरासरीच्या आकड्याआड दडलेला तोटा

बंगळुरू : सायबर हल्ल्यातून होणारा तोटा हल्ल्याच्या दिवशीच मोजून संपत नाही, याचा प्रत्यय बंगळुरूस्थित इन्फोसिसच्या एका उपकंपनीच्या प्रकरणात आला. विमा क्षेत्राला सेवा पुरवणाऱ्या अमेरिकेतील ‘इन्फोसिस मॅककॅमिश सिस्टिम्स’वरील हल्ला नोव्हेंबर २०२३ मध्ये उघड झाला. बुडालेला महसूल आणि यंत्रणा पूर्ववत करण्याचा खर्च मिळून सुमारे ३ कोटी डॉलरचा फटका बसल्याचे कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले. त्यानंतर सुमारे ६५ लाख व्यक्तींच्या माहितीला बाधा पोहोचल्याचे स्पष्ट झाले. मार्च २०२५ मध्ये सामूहिक दावे मिटवण्यासाठी आणखी १ कोटी ७५ लाख डॉलर देण्याची तयारी दर्शवण्यात आली.

अशा तोट्याचा पूर्वअंदाज बांधण्याचे रूढ सूत्र सोपे आहे : एका घटनेतील तोटा गुणिले ती वर्षभरात घडण्याची शक्यता. अमेरिकी सरकारच्या १९७९ मधील मार्गदर्शिकेतही वार्षिक तोट्याचे हेच गणित होते. समजा, १०० कोटी रुपयांच्या तोट्याची शक्यता वर्षाला ५ टक्के आहे, तर अपेक्षित वार्षिक तोटा ५ कोटी ठरतो. प्रत्यक्षात मात्र ५ कोटींचा तोटा कोणत्याच वर्षी होत नाही. बहुतेक वर्षी तो शून्य असतो आणि एखाद्या वर्षी १०० कोटी.

ही उणीव दूर करण्यासाठी ‘फेअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत घटनेची वारंवारता आणि तोट्याचे प्रमाण एका आकड्याऐवजी किमान व कमाल मर्यादेत मांडले जाते. दंड, दावे, ग्राहकांची गळती यांसारखे नंतर उद्भवणारे खर्च स्वतंत्रपणे धरले जातात. मग ‘माँटे कार्लो’ पद्धतीने संगणकावर हजारो काल्पनिक वर्षे पडताळली जातात. त्यातून विशिष्ट रकमेपेक्षा अधिक तोटा होण्याची शक्यता किती, याचे उत्तर मिळते.

तथापि, गणित कितीही नेटके असले तरी त्याची भिस्त मूळ माहितीवर असते. सायबर घटनेची सूचना ‘सर्ट-इन’ला सहा तासांत देण्याचे निर्देश २०२२ पासून आहेत, परंतु झालेला आर्थिक तोटा जनतेसमोर मांडण्याचे बंधन त्यांत नाही. परिणामी अंदाज बांधण्यासाठी आवश्यक असलेला देशी अनुभव तुटपुंजाच राहतो. दुसरीकडे, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

२०२३-२४ मध्ये सुमारे १,८५६ कोटी डॉलर वार्षिक महसूल असलेल्या इन्फोसिससाठी वरील दोन्ही रकमांची बेरीज जेमतेम पाव टक्का भरते. बंगळुरूतील एखाद्या नवउद्योगासाठी तेवढीच रक्कम अस्तित्वाचा प्रश्न ठरेल. म्हणूनच संचालक मंडळाने सरासरी तोटा किती, एवढ्यावर समाधान मानू नये. आपण किती तोटा सोसू शकतो आणि तो त्यापलीकडे जाण्याची शक्यता किती, हे विचारणे अधिक निकडीचे आहे.