ट्रॅक्टरच्या तब्येतीचा कागद द्या

जुना ट्रॅक्टर पाहायला निघालेल्या कास्तकाराला मी सांगतो, फोन न करता सकाळीच जा आणि आधी इंजिनला हात लावून पाहा. ते गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी चालवून ठेवलं आहे. थंड इंजिन पहिल्या सेल्फला उठतं का, उठताना कसला धूर फेकतं, हे बघितलं की बरंच कळतं. निळा धूर निघत राहिला तर ऑइल जळतंय, म्हणजे बहुधा रिंगा आणि लायनर संपले. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडल्यावर भकाभका धूर आला तर कॉम्प्रेशन खाली उतरतंय. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. हेड गॅस्केट, लायनरचं रबर, कधी तडकलेला ब्लॉक, यातलं काहीही असू शकतं. असा ट्रॅक्टर कितीही स्वस्त मिळाला तरी महाग पडतो.

मी दारव्ह्याला ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतो. घरची थोडी शेतीही आहे, त्यामुळे रोहिणी लागल्यापासून आभाळाकडे बघणं आणि मशीन बंद पडणं, दोन्हींची धास्ती मला ठाऊक आहे.

दिग्रसकडच्या एका शेतकऱ्याने उन्हाळ्यात जुना ट्रॅक्टर घेतला. नवा रंग, नवे स्टिकर, मीटरवर कमी तास. पहिला दमदार पाऊस झाला, वापसा आला आणि रोटावेटरचा लोड पडताच इंजिनाने दम सोडला. माझ्याकडे आणून खोलला तेव्हा लायनरला खोल ओरखडे होते. धूर दबावा म्हणून आत नेहमीपेक्षा जाड ऑइल भरलेलं होतं. मीटर कमी तास दाखवत होता, पण क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं आणि मागच्या ड्रॉबारचं भोक झिजून लांबट. जुन्या पद्धतीच्या मीटरची केबल काढून ठेवली की तास थांबतात. पेडलची झीज थांबत नाही. विकणारा म्हणाला, “तुम्ही पाहूनच घेतला ना?” इंजिनाचं सगळं काम करावं लागलं. तोवर पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर, तीही त्याचा नंबर लागेल तेव्हा. आपल्या काळ्या भारी जमिनीत वापसा निघून गेला की पुढच्या पावसाची वाट पाहण्यापलीकडे हातात काही राहत नाही.

नवा घेतला म्हणजे सुटलो, असंही नाही. शोरूमच्या आवारात कित्येक महिने उन्हापावसात उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरलेली असते, डिझेलच्या टाकीत ओल धरते, आणि ते पाणी पंपापर्यंत आणि नोझलपर्यंत गेलं की खर्च मोठा. हार चढवून, पेढे वाटून गाडी घरी येते आणि पहिल्याच नांगरटीत लिफ्ट वजन धरत नाही. मग वर्कशॉपमध्ये ‘पार्ट मागवला आहे’ हे उत्तर. नाहीतर ‘हा झिजणारा पार्ट, वॉरंटीत बसत नाही’. पहिली सर्व्हिस साधारण 50 तासांना असते. ती उशिरा केली असली की तेच कारण पुढे येतं. ही सर्व्हिस खरंच चुकवू नये. नव्या गिअरचा लोखंडी चुरा त्या ऑइलात उतरलेला असतो. पण पार्ट वॉरंटीत मिळाला तरी जूनमधले बंद पडलेले दिवस कुणी भरून देत नाही, आणि बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतो.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. त्याआधी डिसेंबर 2022 मध्ये जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन खात्याचं अधिकारपत्र घेणं बंधनकारक करणारे नियम निघाले. त्या नियमांमुळे मालकीची जबाबदारी कुणाची हे स्पष्ट झालं, ते चांगलंच झालं. पण खरेदीच्या वेळी आरसी मिळते, फॉर्म 29 आणि 30 वर सह्या होतात, कर्ज फिटलं असेल तर फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी मिळते. इंजिन कधी खोललं, क्लच कधी बदलला, मीटर मूळचाच आहे का, याचा एक ओळीचाही कागद मिळत नाही. माझी मागणी तेवढीच आहे. जुना ट्रॅक्टर विकणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने त्याची तब्येत सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावी. आणि वॉरंटीतला ट्रॅक्टर खरिपात अडकून पडला तर विक्रेत्याने काम भागेल असा दुसरा ट्रॅक्टर द्यावा. ज्याचा धंदा सरळ आहे त्याला हे जड जाऊ नये.

तोवर कायदा वापरायला हवा. आपल्याकडे कास्तकार ग्राहक आयोगाचं नाव काढत नाही, कोर्टकचेरी म्हणून घाबरतो. बियाण्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच शेतकऱ्याला ग्राहक म्हणून दाद मागता येते हे मान्य केलं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच, म्हणजे यवतमाळच्या जिल्हा आयोगातच, तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू तपासायला पाठवू शकतो.

1 जुलैला वसंतराव नाईकांच्या जयंतीचा कृषिदिन असतो. नाईक आपल्याच पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. त्या दिवशी पंचायत समित्यांमधून सत्कार, भाषणं होतात. त्यातला एक तास ट्रॅक्टर खरेदीचे कागद समजावून सांगायला द्यावा, अशी माझी जिल्हा परिषदेला विनंती आहे.

आणि कास्तकार भावांनो, ट्रॅक्टर वर्कशॉपमध्ये लावाल त्या प्रत्येक वेळी जॉबकार्ड मागून घ्या. त्यावर तारीख, मीटरचे तास आणि तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा. घरी आल्यावर ते बिलासोबत जपून ठेवा. आयोगात जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.