धोकादायक टॅकल आणि त्यावरची उलट प्रतिक्रिया : शिक्षेच्या फेरविचारासाठी खेळाडूंचे मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
स्पर्धा समिती, शिस्त समिती व पंच मंडळ,
वरिष्ठ गट फुटबॉल स्पर्धा, कोल्हापूर.

विषय : धोकादायक टॅकलनंतर त्याच क्षणी उलट प्रतिक्रिया देणाऱ्या खेळाडूच्या बंदीत सवलत देणे व मूळ टॅकलची आधी चौकशी करणे याबाबत.

महोदय,

आम्ही कोल्हापुरातल्या तालीम संघांकडून आणि तरुण मंडळांकडून खेळणारे व खेळलेले खेळाडू आहोत. मैदानात हात उचलणाऱ्याला लाल कार्ड मिळू नये, असे आमचे म्हणणे नाही. लाल कार्ड राहू द्या. मात्र सामना संपल्यावर बंदी ठरवायला समिती बसते, तेव्हा तिने भांडणाची सुरुवात कुठून झाली ते आधी पाहावे. पाय मोडू शकेल असे टॅकल अंगावर आल्यानंतर, त्याच क्षणी, कुणालाही इजा न करता जो खेळाडू उसळला, त्याला मूळ टॅकल करणाऱ्यापेक्षा जास्त शिक्षा होऊ नये.

गेल्या हंगामातला बाद फेरीचा एक सामना आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. उजव्या बगलेवरून चेंडू घेऊन निघालेल्या आघाडीपटूवर बचावपटूने मागून दोन्ही पाय टाकले. चेंडू तोवर पुढे निघून गेला होता. स्टड नडगीवर उतरले, शिनगार्ड मधोमध तडकला आणि पाय खाली अडकून घोटा पिळवटला. तो मुलगा उठला, लंगडत दोन पावले पुढे गेला आणि दोन्ही हातांनी त्याने समोरच्याच्या छातीवर ढकलले. समोरचा पाठीवर पडला आणि लगेच उभाही राहिला. पंचांनी टॅकल करणाऱ्याला पिवळे कार्ड दाखवले, ढकलणाऱ्याला लाल. अहवालात एकच ओळ होती, प्रतिस्पर्ध्यावर हात उचलला. आधीच्या टॅकलचा त्यात उल्लेखही नव्हता. बंदी तीन सामन्यांची झाली. टॅकल करणारा पुढच्याच सामन्यात मैदानात उतरला आणि ज्याचा घोटा गेला तो उरलेला हंगाम घरी बसला. आम्ही इथे नावे लिहीत नाही, कारण दोघेही आमचेच सभासद आहेत. या मागणीपत्रावर दोघांच्याही सह्या आहेत.

पंचांना दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. फुटबॉलच्या नियमावलीतला बारावा नियम पंचांना फारशी मोकळीक ठेवत नाही. चेंडूसाठी झुंजताना प्रतिस्पर्ध्याची सुरक्षितता धोक्यात आणणारे किंवा अवाजवी ताकदीने केलेले टॅकल म्हणजे गंभीर फाऊल, त्याला लाल कार्ड. चेंडूसाठी झुंज चालू नसताना अवाजवी ताकद वापरली किंवा वापरायचा प्रयत्न केला की ते हिंसक वर्तन, त्यालाही लाल कार्ड. समोरच्याने आधी काय केले, हा प्रश्न या नियमात कुठेच नाही. आणि खरी अडचण मैदानावरच्या डोळ्यांची आहे. टॅकल अर्ध्या सेकंदात घडते, दोन शरीरांच्या आणि धुळीच्या आड. ते बेफिकीर होते की धोकादायक, हे पंचांना धावता धावता ठरवावे लागते. ढकलणे मात्र खेळ थांबल्यावर, उभ्याउभ्या, साऱ्या स्टेडियमसमोर होते. त्यामुळे पहिल्या गुन्ह्याला संशयाचा फायदा मिळतो आणि दुसऱ्याला तो कधीच मिळत नाही. आमच्याकडे सामना पुन्हा पाहून निर्णय बदलायची व्हिडिओ यंत्रणा नाही. म्हणूनच सामन्यानंतरच्या चौकशीला महत्त्व आहे.

जगातला सर्वांत गाजलेला दाखला ३० जून १९९८चा आहे. फ्रान्समधल्या सेंट एटिएन इथे विश्वचषकाच्या उपउपांत्यपूर्व फेरीत इंग्लंड आणि अर्जेंटिना समोरासमोर होते. उत्तरार्ध नुकताच सुरू झाला होता. दिएगो सिमिओनेने मागून येऊन डेव्हिड बेकहॅमला पाडले. पालथ्या पडलेल्या बेकहॅमने पाय मागे झटकला, तो सिमिओनेला लागला आणि सिमिओने कोसळला. डेन्मार्कचे पंच किम मिल्टन निल्सन यांनी सिमिओनेला पिवळे आणि बेकहॅमला लाल कार्ड दाखवले. सिमिओनेने पुढे स्वतःच कबूल केले की आपण त्या पडण्याचा पुरेपूर फायदा उठवला. इंग्लंड उरलेला सामना आणि जादा वेळ दहा जणांनिशी खेळले, २-२ बरोबरीनंतर टायब्रेकरमध्ये हरले. मायदेशात लोकांनी बेकहॅमचा पुतळा लटकवला. सिमिओनेची ती धडक काही पाय मोडणारी नव्हती, पिवळे कार्ड तिला योग्यच होते. पण आडव्या पडलेल्या माणसाच्या त्या झटक्यात किती ताकद होती, हे शांत डोक्याने पाहिले तर नियमातल्या अवाजवी ताकदीशी त्याचा मेळ बसत नाही. दाखला आम्ही एवढ्यासाठीच देतो की चीड आणि हिंसा यांत फरक करता आला नाही, तर एका खेळाडूचे काय होते ते त्यात दिसते.

इंग्लंडचीच दुसरी बाजू याहून बोलकी आहे. तिथे गंभीर फाऊल आणि हिंसक वर्तन या दोन्हींना ठरलेली शिक्षा तीन सामन्यांची. २३ फेब्रुवारी २००८ रोजी बर्मिंगहॅमच्या मार्टिन टेलरच्या टॅकलने आर्सेनलच्या एदुआर्दोचा पाय मोडला. २७ फेब्रुवारी २०१० रोजी स्टोकच्या रायन शॉक्रॉसच्या टॅकलने आर्सेनलच्याच अॅरन रॅम्सीचा. दोघांनाही लाल कार्ड मिळाले, दोघांवर तीन-तीन सामन्यांची बंदी आली. कुणी रागाने प्रतिस्पर्ध्याच्या तोंडावर चापट मारली असती तरी बंदी तेवढीच झाली असती. दोघांनीही मुद्दाम पाय मोडला, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण मोडलेली नडगी आणि चापट एकाच वजनाने मोजली जाते, तेव्हा मापात गडबड आहे, हे मान्य करायला हवे. इंग्लंडने ती गडबड थोडी ओळखली आहे. नेहमीची शिक्षा या प्रसंगी स्पष्टपणे जास्त होते, असा दावा करण्याची सोय तिथल्या नियमांत आहे. फिफाच्या शिस्तसंहितेतही शिक्षा ठरवताना ती वाढवणारी आणि सौम्य करणारी, दोन्ही प्रकारची परिस्थिती विचारात घ्यायला सांगितले आहे. २००६च्या अंतिम सामन्यात झिनेदिन झिदानने मार्को मातेराझ्झीच्या छातीत डोके घातले, तेव्हा फिफाने झिदानला तीन सामने आणि चिथावणी देणाऱ्या मातेराझ्झीला दोन सामने अशी शिक्षा दिली. तिथे चिथावणी तर नुसत्या शब्दांची होती. शब्दांची चिथावणी हिशेबात धरता येते, तर नडगीवर आलेल्या स्टडची का धरू नये?

देशाचा कायदाही हा फरक करतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५ खाली इच्छापूर्वक दुखापत करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तीच दुखापत गंभीर व आकस्मिक प्रक्षोभामुळे झाली असेल, तर कलम १२२ खाली कैदेची मर्यादा एक महिना आहे. मात्र त्यासाठी एक अट आहे : ज्याने प्रक्षोभ घडवला त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाला दुखापत करण्याचा हेतू नसावा. दुसरी अट तत्काळतेची, ती मुंबईच्या नानावटी खून खटल्याने साऱ्या देशाला समजावली. १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षोभाचा बचाव फेटाळला, कारण पत्नीच्या प्रेमसंबंधांची बातमी कळणे आणि गोळी झाडणे यांच्यामध्ये डोके थंड व्हायला पुरेसा वेळ गेला होता. फुटबॉलच्या मैदानावर खटले चालवा असे आम्ही सुचवत नाही. पण क्षणाचा संताप आणि राखून ठेवलेला सूड यांतला फरक न्यायालयाला करता येतो, तर तीन सदस्यांच्या शिस्त समितीलाही तो करता यावा.

आता आमच्या मागणीवरचा सर्वांत जोरदार आक्षेप आम्हीच मांडतो. शाहू स्टेडियमवर पेठा आणि तालमी समोरासमोर बसतात. मैदानात एकाने हात उचलला की गॅलरीत शंभर जण उभे राहतात. त्यामुळे उलट प्रतिक्रियेला सवलत म्हणजे हुल्लडबाजीला आमंत्रण, असे काही संयोजक म्हणतात आणि त्यांची काळजी खरी आहे. सामना अर्धवट थांबला की सर्वांत मोठे नुकसान खेळाडूंचेच होते. पण आमचा अनुभव असा की गॅलरी पेटते ती उत्तराने कमी आणि धोकादायक टॅकल नुसत्या फाऊलवर सुटले की जास्त. आपल्या खेळाडूला न्याय मिळणार नाही अशी खात्री झाली, की समर्थक तो स्वतः मिळवायला जातात. पहिल्या गुन्ह्याची चौकशी नक्की होणार, हे सर्वांना माहीत असेल, तर खेळाडूलाही हात आवरणे सोपे जाईल. ईर्षा आम्हांला हवीच आहे, तिच्याशिवाय इथला फुटबॉल उभाच राहत नाही. पण त्या ईर्षेपायी घोटा जायला नको.

यावरून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी : हिंसक वर्तनाच्या प्रत्येक लाल कार्डाच्या चौकशीत समितीने आधीचे तीस सेकंद पाहिलेच पाहिजेत. टॅकल आणि प्रतिक्रिया यांची सुनावणी एकत्र व्हावी. पंचांनी टॅकलला पिवळे कार्ड दिले असेल किंवा काहीच दिले नसेल, तरी ते लाल कार्डाच्या योग्यतेचे होते असे समितीला वाटले, तर टॅकल करणाऱ्यावरही बंदी यावी. सामन्याचा निकाल आणि पंचांनी दाखवलेली कार्डे यांना हात लावू नये. पंचांनी पाहिलेल्या घटनेवर नंतर कारवाई करू नये, असा एक विचार आहे, तो आम्हांला ठाऊक आहे. २०१४च्या विश्वचषकात कोलंबियाच्या झुनिगाच्या गुडघ्याने नेमारचा मणका दुखावला, तेव्हा फिफाने मागाहून कारवाई करता येत नाही असेच सांगितले. त्या निर्णयाने नियमाची शान राखली असेल, पण पाठीला मार बसलेल्या खेळाडूच्या हाती काही आले नाही. आपल्या स्पर्धेच्या नियमावलीत आपण ही तरतूद स्वतः करू शकता. जवळपास प्रत्येक सामन्याचे मोबाइलवरचे चित्रीकरण मिळते, ते पुरावा म्हणून स्वीकारावे.

टॅकलची बंदी ठरवताना मोजमाप धोक्याचे असावे, दुखापतीचे नव्हे. पाय वाचला हे कधीकधी केवळ धावणाऱ्याचे नशीब असते आणि साध्या झुंजीतही कधीकधी हाड मोडते. त्यामुळे जखमी खेळाडू जितके दिवस बाहेर, तितके दिवस टॅकल करणाऱ्यावर बंदी, ही आमच्याच काही सभासदांची सूचना आम्ही या मागणीपत्रातून वगळली आहे.

दुसरी मागणी सवलतीची. टॅकल धोकादायक होते असे ठरले, प्रतिक्रिया त्याच जागी त्याच क्षणी आली, ती टॅकल झालेल्या खेळाडूनेच टॅकल करणाऱ्यावर केली, डोके, मान किंवा चेहरा यांना हात लावला नाही आणि समोरच्याला इजा झाली नाही, तर बंदी एका सामन्याची असावी. यांपैकी एकही अट मोडली तर सवलत नाही. कोपर, डोक्याची धडक, थुंकणे, पडलेल्याला लाथ, यांना सवलत कधीच नाही. रॉय कीनने २००१च्या मँचेस्टर डर्बीमध्ये आल्फ-इंगे हालांडच्या गुडघ्यावर केलेले टॅकल १९९७पासून मनात धरलेल्या रागातून आले होते. पुढे आत्मचरित्रात त्याने ते लिहिले, तेव्हा इंग्लिश फुटबॉल संघटनेने त्याच्यावर आणखी पाच सामन्यांची बंदी आणि दीड लाख पौंडांचा दंड लावला. अशा राखीव सुडाला आमच्या बाजूने एक शब्दही बोलला जाणार नाही. तीस मीटरवरून धावत येऊन भांडणात पडणाऱ्या सहकाऱ्याला आणि राखीव खेळाडूंच्या बाकावरून आत येणाऱ्याला उलट आजच्यापेक्षा जास्त बंदी द्यावी. छोटी घटना दंगलीपर्यंत नेणारे बहुधा तेच असतात.

पंचांच्या अहवालाच्या नमुन्यात ‘या घटनेच्या लगेच आधी काय घडले’ असा एक रकाना असावा. सहायक पंच आणि सामना निरीक्षक यांनीही तो स्वतंत्रपणे भरावा. बंदीआधी खेळाडूला समितीपुढे पाच मिनिटे बोलू द्यावे आणि निर्णय कारणांसह लेखी द्यावा. निर्णयाचा कागद हाती आला की निम्मी कटुता जाते, हे आम्ही पाहिले आहे.

आमच्यातले बरेच जण शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत, दुकानांत किंवा रोजंदारीवर काम करतात. पाय गेला की मैदान सुटते आणि पगारही. म्हणून प्रत्येक नोंदणीकृत खेळाडूचा अपघात विमा स्पर्धेच्या प्रवेश शुल्कातून काढावा आणि सामन्याच्या वेळी स्ट्रेचर व रुग्णवाहिका मैदानातच हजर असावी.

आमच्या बाजूने आम्ही तीन गोष्टींची हमी देतो. हंगामापूर्वी प्रत्येक संघाच्या खेळाडूंना पंच मंडळाने बारावा नियम समजावून सांगावा, त्या वर्गाला हजर राहणे आमच्या सभासदांना सक्तीचे असेल. टॅकलनंतर कर्णधाराखेरीज कुणीही पंचांकडे धावणार नाही. आणि धोकादायक टॅकल करणारा सभासद जखमी खेळाडूच्या घरी जाऊन भेटेल, मग तो कुठल्याही पेठेचा असो.

पुढील हंगामाची खेळाडू नोंदणी सुरू होण्याआधी या मागण्यांवर संयुक्त बैठक व्हावी आणि तिला पंच मंडळाचे प्रतिनिधी हजर असावेत, ही विनंती. बैठकीला येताना आम्ही आमच्याकडील चित्रीकरणे सोबत आणू, त्यांत आमच्या सभासदांच्या विरोधात जाणारीही असतील. आपल्या सोयीची तारीख लेखी कळवावी.

आपले विनीत,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य,
फुटबॉल खेळाडूंच्या वतीने, कोल्हापूर